किक मारण्यापूर्वी

दसऱ्याला आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी गाड्या धुतल्या जातात. हँडलला झेंडूची माळ पडते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. पुढे वर्षभर मात्र त्याच गाडीच्या चेनला तेलाचा थेंब मिळत नाही. गाडी अडली की आपण घाम येईपर्यंत किक मारतो आणि शेवटी ढकलत मिस्त्रीकडे नेतो. मीही त्यातलाच एक होतो.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरला निघालो असता गावाबाहेर गाडी बंद पडली. जवळ एक पक्कड आणि एक पेचकस होता. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल, असे मीच ठरवले आणि तो रस्त्यावरच उघडला. एक बारीक स्क्रू निसटून कापलेल्या धानाच्या बांधीत पडला. धसकटांत तो काही सापडला नाही आणि पेपर बुडाला. सायंकाळी मिस्त्रींनी पाहिले, तर प्लगची टोपी ढिली झाली होती! ती अंगठ्याने दाबली असती तरी भागले असते. त्या दिवशी उणीव हत्यारांपेक्षा पाहण्याच्या शिस्तीची होती.

विद्यार्थी मित्रांनो, ही शिस्त अवघड नाही. इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. म्हणून तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. टाकीत पेट्रोल आहे काय? कॉक उघडा आहे काय? प्लगची टोपी घट्ट आहे काय? मग प्लग काढून पाहावा. टोक तांबूस-तपकिरी असेल तर इंजिन निरोगी समजावे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, तेलकट असेल तर इंजिनात ऑईल जळते, अगदी पांढरे असेल तर इंजिन फार तापते. प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवावा. हेड अॅल्युमिनियमचे असते. पाना लावून वाकडा आवळला तर आटे जातात आणि खर्च वाढतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मोटारसायकल दुरुस्तीच्याच आधाराने वैज्ञानिक पद्धती समजावून सांगितली आहे. ते काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले होते. तेव्हा हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्याला परका नाही.

हत्यारे थोडी पण चांगली घ्यावीत. प्लग पाना, ८ ते १७ मिलिमीटरचे रिंग पाने, दोन पेचकस, पक्कड, फीलर गेज आणि हवा मोजण्याचे गेज इतके घरी पुरे. पक्कडीने नट फिरवू नये; त्याचे कोपरे झिजतात. रिंग पाना त्याला सर्व बाजूंनी धरतो. सुटे भाग पसरट ताटलीत ठेवावेत. हे शहाणपण मला एका स्क्रूने शिकवले.

रोवणीच्या दिवसांत चेनवर चिखल बसतो. ती डिझेलने पुसून तेल द्यावे. बहुतेक लहान गाड्यांत चेनचा झोल २० ते ३० मिलिमीटर असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवूनच करावे. गिअरमध्ये चाक फिरत असताना चेन पुसणाऱ्याची बोटे क्षणात जातात.

जुनी गाडी घ्यायची झाली तर? पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याची ख्याती आहे. भांडे घेताना आपल्या आया ते वाजवून पाहतात. गाडीही तशीच ऐकून घ्यावी. आधी इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर थंड होऊ द्यावे, कारण खरी परीक्षा थंड इंजिनाचीच. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. नंबर एम.एच. ३६ चा असो की दुसरा, आर.सी.वरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवावेत. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० आणि कर्ज असल्यास फिटल्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

वडिलांच्या पिढीच्या राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सी.डी. १०० सारख्या फोर-स्ट्रोक गाडीत ते वेगळे भरावे लागते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. तो बिघाड घरी उघडू नये. ब्रेकचे काम पक्के येत नसेल तर तेही मिस्त्रींनाच द्यावे. तेथे चुकलो तर दंड पाठीमागे बसलेल्यालाही भरावा लागतो.

घरच्या ओसरीवर मिस्त्री व्हायचे नसते. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. गाडी अडली तर आता मी किक मारण्यापूर्वी दोन मिनिटे नुसता पाहतो. त्यानंतर माझा एकही पेपर बुडालेला नाही.