अकरा फेरे की सात?

माझ्या गाडीच्या डिकीत शंभर फुटी टेप, खुंट्या, न ताणणारी दोरी, खडू आणि चिकटपट्टीची रिळं कायम असतात. सेंट लुईसहून निघायचं, हायवे 64 धरून इलिनॉयमधली मक्याची शेतं मागे टाकत इंडियानात शिरायचं आणि वाटेतल्या ज्या चर्चनी बोलावलंय, त्यांना लॅबिरिंथ कुठे आणि कसा आखायचा ते सांगायचं, हा माझा व्यवसाय.

लॅबिरिंथ म्हणजे भुलभुलैया नव्हे. भुलभुलैयात फाटे फुटतात, माणूस अडकतो. इथे वाट एकच. वळणं घेत ती मध्यापर्यंत नेते आणि त्याच वाटेने परत यायचं. कुठे वळायचं हा विचारच करावा लागत नाही, त्यामुळे मन प्रार्थनेला मोकळं राहतं.

जवळजवळ प्रत्येक चर्चला शार्त्रचाच नमुना हवा असतो. फ्रान्समधल्या या कॅथेड्रलच्या फरशीत तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बसवला गेला. व्यास सुमारे 13 मीटर, फेरे 11, मध्यापर्यंतची वाट 260 मीटरच्या आसपास. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये 1991 साली लॉरेन आर्ट्रेस यांनी तो कापडावर उतरवून लोकांना चालायला दिला आणि अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्याचं लोण पसरलं. लॅबिरिंथ हा आकार मात्र ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. गोव्यात रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेला लॅबिरिंथ मी पाहिलाय. त्याचा चर्चशी काही संबंध नाही.

चर्चच्या सभागृहात गेल्यावर मी आधी नकाशा काढत नाही. रविवारी इथे कोण येतं, ते विचारते. एका ठिकाणी समितीने 36 फुटांचं वर्तुळ ठरवून ठेवलं होतं. हिशेब सोपा आहे: मध्याला नऊ फूट गेले की दोन्ही बाजूंना साडेतेरा फूट उरतात. त्यात 11 फेरे बसवले तर वाट जेमतेम सव्वा फुटाची. मी दोरीने चाप ओढून दोन-तीन फेरे खडूने जमिनीवर काढले आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या एका आजींना आत बोलावलं. त्यांच्या वॉकरचे पाय दोन्हीकडे रेघेबाहेर पडत होते. समितीतले सगळे वाकून बघत राहिले.

व्हीलचेअरसाठी वाट तीन फूट तरी हवी. तेवढ्या रुंदीत, मध्याचं प्रमाण तेच ठेवून, 11 फेरे घ्यायचे तर जवळपास 88 फुटांची जागा लागते; सात फेऱ्यांचं साधारण 56 फुटांत भागतं. म्हणून सभागृहात जागा नसेल तर बाहेरच्या आवारात जा, फेरे कमी करा, रेघा जमिनीशी सपाट ठेवा, उंच दगड लावू नका, असं मी निक्षून सांगते. शार्त्रची हुबेहूब नक्कल भिंतीवरच्या फोटोत छान दिसते, पण ज्यांना प्रार्थनेसाठी चालायचंय त्यांनाच ती बाहेर ठेवत असेल, तर ती चर्चच्या कामाची नाही.

नक्कल पाहायचीच असेल, तर वाबाश नदीकाठच्या न्यू हार्मनी गावात थांबा. तिथे शार्त्रच्या मापाचा ग्रॅनाइटचा लॅबिरिंथ आहे, शिवाय झुडपांचाही एक आहे. मूळ शार्त्रला जाणार असाल तर मात्र लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) ते ऑक्टोबर या काळातला शुक्रवार धरा. एरवी त्या फरशीवर खुर्च्या मांडलेल्या असतात.