नावाआड गेलेला वास्तुकार

अहिल्यानगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की शाह डोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू दुरूनच नजरेत भरते. नगरकर तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने मोगलांपासून किल्ला राखला तो १५९५-९६ मध्ये. ही वास्तू त्याआधीची आहे. लोकमानसाने शूर राणीला दिलेला मान योग्यच; परंतु त्या मानाखाली एका निर्मात्याचे नाव मात्र झाकले गेले.

सलाबतखानाचे दुसरे स्मारक शहराच्या आग्नेयेस आहे. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारलेला फराहबाग महाल प्रथम नियामतखानाने बांधला. तो सुलतानाच्या मनास न आल्याने पाडण्यात आला आणि नव्याने बांधण्याचे काम सलाबतखानाकडे आले, असे जुने वृत्तान्त सांगतात. १५८३ मध्ये तो पूर्ण झाला. उंच मध्यवर्ती दालन, चुन्याचा गिलावा आणि चहूबाजूंनी पाणी, अशी त्याची रचना. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा आतल्या दालनांना गारवा देई. आज तलाव कोरडा असल्याने त्या योजनेचे निम्मे मर्म पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

म्हणूनच अशा वास्तूचा अभ्यास भिंतींपाशी थांबत नाही. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून खापरी नळांनी नगरला पाणी येत असे. त्या नळांचा मार्ग समजल्याखेरीज बागांची व महालांची मांडणी उलगडत नाही. अभ्यासकाला एका हाती फिरिश्ता आणि सय्यद अली तबातबाई यांचे फारसी इतिहास, १८८४ चे गॅझेटियर घ्यावे लागते आणि दुसऱ्या हाती मोजपट्टी. ग्रंथातील नाव आणि जमिनीवरील दगड यांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष टिकतो. पुष्कर सोहोनी यांचा निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला; विजापूर आणि गोवळकोंड्याच्या छायेत राहिलेल्या नगरच्या शिल्पवैभवाकडे त्याने अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९६० पासूनचे येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयही जिज्ञासूंना साहाय्यभूत ठरते.

चुकीच्या नावाने वास्तूचे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. चांदबिबीचा महाल म्हणून पाहणारा तेथे राणीचे दालन शोधतो आणि तळघरातील कबरी पाहून गोंधळतो. सलाबतखानाचे नाव कळले, की डोंगरावरची कबर, तलावातील महाल आणि भूमिगत पाणी ही एकाच काळाच्या दृष्टीची अंगे दिसू लागतात. मग खणताना हाती आलेला खापराचा तुकडा कोणी सहज फेकून देत नाही. सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह शाह डोंगर चढणाऱ्या कुटुंबांनी निदान एवढे करावे: वर पोहोचल्यावर मुलांना दोन्ही नावे सांगावीत.