विश्लेषण : कन्हानकाठी इस्लाम पोहोचला कसा?

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की आधी कामठी लागते, मग कन्हान नदीवरचा पूल आणि पलीकडे कन्हान गाव. या परिसराचा इस्लामशी संबंध जुना आहे. नागपूर शहर वसवणारा राजा इस्लाम स्वीकारलेला गोंड होता. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर हिंदू भाविकांचीही गर्दी असते. तरी ‘हा धर्म इथवर आला कसा’ असे विचारले की उत्तर एका शब्दात मिळते. कुणी म्हणते तलवारीने, कुणी म्हणते सुफींमुळे. प्रत्यक्षातला प्रवास याहून बराच वळणावळणाचा आहे.

सुरुवात कुठे झाली?

सातव्या शतकातली मक्का हे व्यापारी काफिल्यांचे आणि काबा या देवस्थानाचे शहर होते. तिथे कुरैश टोळीत साधारण इ.स. ५७० मध्ये मुहम्मद पैगंबरांचा जन्म झाला. ते स्वतः व्यापार करत. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. ईश्वर एकच आहे आणि अनाथ-गरिबांचा वाटा दिलाच पाहिजे, ही शिकवण काबाच्या मूर्तींवर आणि यात्रेवर जगणाऱ्या मक्केच्या श्रीमंतांना रुचली नाही. छळ वाढल्यावर ६२२ मध्ये ते अनुयायांसह मदिनेला गेले. हीच हिजरत, हिजरी सन तिथून मोजतात. ६३० मध्ये मक्का त्यांच्या ताब्यात आली आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

श्रद्धेचा गाभा काय?

अल्लाह एकच, त्याला रूप नाही, भागीदार नाही. इब्राहिम, मूसा, ईसा हेही पैगंबरच. मुहम्मद हे अखेरचे. कुरआन हा ईश्वराचा शब्द आणि मृत्यूनंतर प्रत्येकाला कर्माचा हिशेब द्यावा लागणार. आचरणाचे पाच आधारस्तंभ आहेत : कलमा, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज. हिजरी वर्ष चांद्र असते आणि त्यात आपल्या पंचांगासारखा अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि कधी भर उन्हाळ्यात, कधी थंडीत पडतो. विदर्भातल्या मे महिन्यातला रोजा काय असतो, हे वेगळे सांगायला नको.

इतक्या वेगाने प्रसार का झाला?

इथेच मोठी गल्लत होते. पैगंबरांनंतरच्या खलिफांच्या फौजांनी काही दशकांतच सीरिया, इजिप्त आणि इराण जिंकले. बायझंटाइन आणि ससानी ही दोन साम्राज्ये ६०२ ते ६२८ या काळातल्या आपसातल्या युद्धाने खंगली होती, हे त्याचे एक मोठे कारण. पण राज्य पसरले म्हणून धर्म लगेच पसरला नाही. जिंकलेल्या मुलखातले ख्रिस्ती, ज्यू आणि पारशी जिझिया भरून आपापल्या धर्मात राहिले. इराण, इजिप्तची बहुसंख्य प्रजा मुस्लीम व्हायला काही शतके लागली. राज्याचा विस्तार आणि श्रद्धेचा विस्तार यांची गती वेगळी असते. महाराष्ट्रात तर हा क्रम अनेकदा उलटाच दिसतो.

महाराष्ट्रात आधी कोण आले?

सिंधवर अरबांची स्वारी ७११-१२ मध्ये झाली. कोकणात मात्र अरब आले ते मुख्यतः गलबते घेऊन, व्यापाराला. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला. तिथे सुमारे १० हजार मुस्लीम राहतात, असे त्याने नोंदवले. त्यांत ओमान, बसरा, बगदादचे व्यापारी होते आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेही होती. राज्य राष्ट्रकूटांचे होते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट आणखी बोलका आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याचे नाव त्यात ‘मधुमती’ असे आहे. अभ्यासकांच्या मते हे ‘मुहम्मद’चेच संस्कृत रूप. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला दान दिल्याची ही नोंद आहे. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो त्यानंतर जवळपास पावणेचारशे वर्षांनी, १२९६ मध्ये. त्या स्वारीतली लूटही तितकीच खरी.

मग कन्हानच्या खोऱ्यात?

देवगिरी आणि देवगड यांत गोंधळ नको. कन्हान नदी ज्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, तिथे गोंड राजांचे देवगड आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गादीच्या भांडणात हरलेला एक राजपुत्र मदतीसाठी औरंगजेबाकडे गेला, मुस्लीम झाला आणि ‘बख्त बुलंद’ हे नाव घेऊन गादीवर परतला. पुढे तो औरंगजेबावरच उलटला. १७०२ मध्ये त्याने बारा खेडी जोडून नागपूर वसवले आणि हिंदू-मुस्लीम दोघांनाही जमिनी देऊन बोलावले. राजा मुस्लीम झाला तरी गोंड प्रजा आपल्या देवांपाशीच राहिली आणि राजघराण्याची सोयरीकही गोंडांशी चालूच राहिली.

कामठीची गोष्ट तर कोणत्याही मुस्लीम राजवटीशी जोडलेली नाही. इंग्रजांनी १८२१ मध्ये तिथे छावणी वसवली. मद्रास फौजेबरोबर दक्षिणेतले मुस्लीम शिपाई आले. पुढे १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर हातमाग घेऊन आले. आजही कामठीत मराठीबरोबर उर्दू कानावर पडते, त्यामागे ही वर्दळ आहे.

ताजुद्दीन बाबा अशाच फौजी कुटुंबातले. जन्म कामठीचा, १८६१ चा. फौजेतली नोकरी सुटली, पुढे वेडे ठरवून १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. तिथेही लोक दर्शनाला येऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर काढून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. नंतर काही काळ त्यांचा मुक्काम सावनेर तालुक्यातल्या वाकीला, कन्हान नदीच्या काठीच होता. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. दर्गा नागपूरच्या ताजबागेत आहे. वाकीलाही भाविक जातात.