लिलावाचा उंबरठा

कपाटाच्या वरच्या कप्प्यात पंचवीस वर्षं पडून असलेला याशिका कॅमेरा विकायचा आहे, असं धरून चालू. घर न्यू जर्सीतलं, संकेतस्थळ ईबे. फोटो काढून झाले, वर्णन लिहून झालं, आणि शेवटी एक रिकामा चौकोन समोर येतो : सुरुवातीची बोली. असे कॅमेरे साधारण ६० डॉलरला जातात, असं समजा. चौकोनात ४० भरले तर मातीमोल जाण्याची भीती नाही. १ भरला तर लोक जमतील. पण जमलेच नाहीत आणि वडिलांचा कॅमेरा एका डॉलरला द्यावा लागला तर?

ही भीती खरी आहे. आपल्याकडच्या सरकारी लिलावांत या आकड्याला ‘हातची किंमत’ म्हणतात. त्याखाली वस्तू हातातून सुटत नाही. विकणाऱ्याला सुरुवातीची किंमत नेहमी अशीच दिसते, आपल्या बाजूने, कुंपणासारखी. घेणाऱ्याला मात्र ती उंबरठ्यासारखी दिसते. हा आकडा म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. आत कितीजण येतील हे ठरवणारी ती उंची आहे. गेल्या तीसेक वर्षांतलं लिलावांवरचं बरंच संशोधन या एका गोष्टीभोवती फिरतं.

बाजारातला अनुभव उलटा सांगतो. घासाघीस करताना दुकानदार आधी चढा भाव सांगतो, कारण पहिला आकडा डोक्यात रुतून बसतो. ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली या रुतण्याचा प्रसिद्ध प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं. ते कुणासाठी १० वर थांबायचं, कुणासाठी ६५ वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. तरीही १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं आणि ६५ पाहिलेल्यांचं ४५. या हिशेबाने लिलावही चढ्या आकड्याने सुरू करायला हवा.

गिलियन कू, ॲडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निगन यांनी २००६ साली दाखवलं की लिलावात हे उलटतं : खालून सुरू झालेली बोली पुष्कळदा वर जाऊन थांबते. त्यांनी तीन कारणं दिली. पहिलं म्हणजे उंबरठा ठेंगणा असला की जास्त माणसं आत येतात. दुसरं, आत आलेला माणूस दोन-तीनदा बोली लावतो, लक्ष ठेवतो, वेळ घालवतो. मग एवढं करून वस्तू सोडणं त्याच्या जिवावर येतं. तिसरं, जमलेल्या गर्दीकडे पाहून बाहेरच्याला वाटतं की वस्तूत काहीतरी असणार.

तिसरं कारण किती जबर आहे, हे उरी सायमनसोन आणि डॅन एरिएली यांच्या ईबेवरच्या डीव्हीडींच्या अभ्यासात दिसलं. सुरुवात कमी ठेवलेल्या लिलावात बोलींची संख्या साहजिकच जास्त दिसते, कारण पहिल्या बोली अगदी खालच्या आकड्यांवर लागलेल्या असतात. त्या संख्येतून वस्तूबद्दल काहीच कळत नाही. तरी खरेदीदार तिकडेच झुकत होते. अशा घोळक्यात शिरणाऱ्याची जिंकण्याची शक्यता कमी होती, आणि जिंकलाच तर तो जास्त पैसे मोजत होता.

मानसशास्त्र बाजूला ठेवलं आणि सगळे खरेदीदार थंड डोक्याचे मानले, तरी गणित त्याच दिशेने बोट दाखवतं. हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे.

समजा, प्रत्येक खरेदीदाराच्या मनातली कमाल किंमत ० ते १०० डॉलरमध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने असू शकते. एकच खरेदीदार असेल तर सगळ्यात फायद्याची हातची किंमत ५० निघते. निम्म्या वेळा वस्तू ५० ला जाते, निम्म्या वेळा पडून राहते. सरासरी मिळकत २५. आता दोन खरेदीदार आणा आणि बोली शून्यापासून सुरू करा. ईबेवर तुम्ही आपली कमाल किंमत सांगून ठेवता आणि यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवते. म्हणजे भाव थांबतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने हात टेकले तिथे, वर एखादी पायरी. दोघांतल्या कमी आकड्याची सरासरी येते ३३. कुंपण अजिबात नाही, तरी २५ च्या पुढे.

त्याच दोघांसाठी ५० चं कुंपण घातलं तर? चारात एकदा दोघेही ५० च्या खाली असतात आणि माल पडून राहतो. चारात दोनदा एकच जण वर असतो, तेव्हा ५० मिळतात. उरलेल्या एका वेळी दोघेही वर असतात आणि सरासरी ६७ च्या आसपास मिळतात. सगळं मिळून सुमारे ४२. कुंपणाने फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. पण कुंपण काढून तिसरा माणूस आणला, तर सरासरी थेट ५० वर जाते. आदर्श कुंपण शोधण्याचं गणित रॉजर मायरसन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं. २००७ चं नोबेल मिळालेल्यांत ते होते. जेरेमी बुलॉ आणि पॉल क्लेम्पेरर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की, काही साध्या अटी धरल्या तर, एक जादा खरेदीदार हा उत्तमातल्या उत्तम कुंपणापेक्षा मोलाचा असतो. मला हा निकाल फार आवडतो.

प्रत्यक्षात माणसं खरंच उंबरठा पाहून परत फिरतात का? डेव्हिड लकिंग-रायली यांनी नव्वदच्या दशकात ‘मॅजिक’ या खेळाचे पत्ते इंटरनेटवर लिलावात विकून हे तपासलं. किमान किंमत लावली की बोली लावणारे कमी झाले, न विकले गेलेले पत्ते वाढले. जे विकले गेले त्यांना मात्र भाव जास्त मिळाला. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी ईबेवरच्या अमेरिकी नाण्यांच्या संचांचे लिलाव अभ्यासले. त्यातही कितीजण बोली लावतील, यावर सर्वांत मोठा परिणाम किमान बोलीचाच दिसला.

तरीही सरसकट ‘एका डॉलरपासून सुरू करा’ हा सल्ला मी देणार नाही. ठेंगण्या उंबरठ्याचा उपयोग दारावरून माणसं जात असतील तरच. कू आणि सहकाऱ्यांनाही हे आढळलं : वस्तूच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, तर शोधणाऱ्यांना ती सापडत नाही, गर्दी जमत नाही, आणि मग कमी सुरुवातीमुळे शेवटचा भावही खालीच राहतो. दर आठवड्याला अनेकजण शोधतात अशा कॅमेऱ्याला कमी सुरुवात मानवते. वर्षाकाठी एखादाच गिऱ्हाईक असलेल्या जुन्या यंत्राच्या सुट्या भागाला ती मारक ठरते. तिथे आपली खरी हातची किंमत लिहावी आणि थांबायची तयारी ठेवावी.

खूप उंच उंबरठ्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण जुन्या वस्तूंचं नाही, मोबाइल लहरींचं आहे. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची हातची किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती उतरवूनही पट्टा तसाच राहिला. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणल्यावर जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. मधली सहा वर्षं त्या लहरी कुठल्याच मोबाइल कंपनीच्या कामी आल्या नाहीत.

कॅमेऱ्याकडे परत येऊ. चौकोनात आकडा भरण्याआधी ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ उघडून तेच मॉडेल शोधावं आणि भावाइतकंच लक्ष बोली किती जणांनी लावल्या, याकडे द्यावं. सात-आठ जण नेहमी दिसत असतील, तर सुरुवात बिनधास्त खाली ठेवावी. एक-दोनच दिसत असतील, तर नको.

आणखी एक काम उरतं. कॅमेरा कधीकाळी कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात राहिला असेल, तर त्याच्या भिंगात बुरशी धरलेली असू शकते, आणि पडद्यावरच्या साध्या फोटोत ती दिसत नाही. जाणता खरेदीदार हा धोका धरूनच बोली कमी लावतो, किंवा लावतच नाही. पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेलं प्रामाणिकपणे उघड केलं, तर सरासरीने भाव वाढतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या मागे टॉर्च धरावा आणि समोरून फोटो काढावा. बुरशीचे पांढरे धागे असतील तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटतील. नसतील तर काच स्वच्छ दिसेल. जे दिसेल ते तसंच चढवावं.