भीमाचा उजवा हात

दिवाळीच्या आधीच्या रविवारी घर आवरताना माझ्या हातून एक खून झाला. वाचकांनी दचकू नये. पण आमच्या कन्येच्या मते त्याला दुसरा शब्द नाही. कपाटावरून निबंधांच्या वह्यांची चळत ओढताना शेजारी उभा असलेला छोटा भीम खाली आला आणि फरशीवर त्याचे शे-दोनशे तुकडे झाले.

"अगं, खेळणंच ते! पुन्हा जोडता येईल," मी म्हणालो.

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. "बाबा, तो मी मनानं केला होता. त्याचं पुस्तक नाहीये," एवढेच बोलून ती आत गेली.

पुस्तकाची भानगड मला सौभाग्यवतीने समजावली. लेगोच्या विकतच्या संचात कोणती वीट कुठे बसवायची याची चित्रे असलेली पुस्तिका असते. 'द मँडलोरियन' या मालिकेतल्या लांब कानांच्या हिरव्या बाळाचा संच 2020 साली निघाला. त्यात 1,073 तुकडे. बाळाची मान, कान आणि तोंड हलवता येते. पुस्तिका बघत गेले की बाळ तयार! आमचा भीम तसा नव्हता. 2008 सालापासून दूरदर्शन-संचावर लाडू खाणारा हा ढोलकपूरचा वीर कन्येने मावशीने दिलेल्या आणि मामेभावाने टाकून दिलेल्या विटांतून दोन महिने खपून उभा केला होता. आणि तो हातातला लाडू तोंडापर्यंत नेत असे!

विद्यार्थ्यांच्या निबंधांवर 'पुन्हा लिहा' असा लाल शेरा मी किती सहज मारतो, ते त्या रात्री मला आठवले. जेवणे झाल्यावर मुकाट्याने विटांचा डबा घेऊन बसलो.

वीट दिसायला साधी. डेन्मार्कमधल्या बिलुंद गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून 'लेगो' हे नाव निघाले. वर गुंड्या आणि पोटात नळ्या असलेल्या आजच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला 1958 साली. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा 91,51,03,765 तऱ्हांनी जोडता येतात म्हणे. त्यांतली एकही तऱ्हा मला भीमासारखी दिसेना.

धड झाले, पण डोके बसवताच स्वारी तोंडावर आपटली. चित्रातल्या भीमाचे डोके मोठे. ते मी भरीव केले होते. आतून पोकळ केले, पावलांखाली रुंद पट्ट्या लावल्या, कंबर किंचित मागे कलवली. सगळ्या अंगाचा भार पावलांच्या आत पडला, तेव्हा कुठे तो उभा राहिला.

राहिला उजवा हात. शाळेत शिकलो होतो की खांद्याचा सांधा उखळीचा आणि कोपराचा बिजागरीचा. तसेच केले. गोळा वाटीत बसवला, हात वर केला, आणि लाडवासकट तो हळूहळू खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. असे दोन रात्री चालले होते.

तिसऱ्या रात्री मागून आवाज आला, "तिथे गोळा नाही चालत, बाबा."

दोन दिवसांत ती माझ्याशी प्रथमच बोलत होती.

"का गं?"

"गोळा नुसत्या घासणीवर धरून राहतो. हात लांब, त्यात टोकाला लाडू. सगळं वजन खांद्यावर येतं. दातेरी बिजागरी लावा, ती कट्कन अडकते. आणि हात आखूड करा."

"मग गोळा कुठे लावायचा?"

"मानेला. मान सगळीकडे वळायला हवी ना!"

ती शेजारी मांडी घालून बसली. मी विटा वेचून द्यायच्या आणि तिने बसवायच्या, अशी वाटणी झाली. मध्येच मी म्हणालो, "त्या दिवशी मी 'खेळणंच ते' म्हणालो, ते चुकलं माझं." तिने मान वर केली नाही. "तपकिरी पट्टी द्या," म्हणाली. पण तिच्या आवाजातला ताठा गेला होता.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी भीम पुन्हा कपाटावर चढला. लाडू तोंडाशी नेऊन ठेवला, तो फराळ होईपर्यंत तिथेच राहिला. तो थोडा डावीकडे कललेला दिसतो, कारण डावे पाऊल मी केले होते आणि त्यात एक पट्टी कमी आहे. मी ती बसवायला गेलो, तर कन्येने हात धरला.

"राहू द्या. तो तुमचा पाय आहे."

निबंधांच्या वह्या आता मी टेबलावर ठेवतो.