ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय? आधी घरातला मॉनिटर बघा, मग दुकान

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एक मागणी सुरू होते. "अब्बू, पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचंय." थोडी ईदी साठलेली असते, थोडे मामू देणार असतात, उरलेले अब्बूंनी घालायचे असतात. मुलाने यूट्यूब बघून एकाच कार्डाचं नाव धरलेलं असतं. अब्बूंना कळत नाही की २५-३० हजारांची ही वस्तू नेमकी करते काय. दोघांनी सोबत बसून वाचावं, म्हणून हे लिहितोय.

सांगायची गोष्ट एकच आहे. कार्ड सर्वांत शेवटी ठरवायचं. आधी मॉनिटर, मग गेम, मग पीसीचा डबा आणि एसएमपीएस. या क्रमाने गेलं तर पैसे वाचतात. उलट गेलं की कार्ड आणल्यावर एकेक खर्च निघत जातो.

कार्ड काय करतं?

गेममध्ये हिशोब प्रोसेसर करतो आणि चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. सेकंदाला ६० चित्रं निघाली तर गेम गुळगुळीत चालतो, २५-३० वर आली की अडखळतो. बऱ्याच प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आतच असतं. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून चालतात. मुलगा हेच गेम खेळत असेल, तर कदाचित वेगळं कार्ड लागणारच नाही. आधी हे तपासा. गरज नसताना केलेल्या खर्चाला आपल्याकडे इसराफ म्हणतात, आणि तो कॉम्प्युटरवर केला तरी इसराफच.

मॉनिटर कोणता आहे?

साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी मॉनिटरवर ३६.९ लाख आणि ४के वर जवळजवळ ८३ लाख. जितके ठिपके जास्त, तितकं कार्डाचं काम जास्त. आपल्या बहुतेक घरांत फुल एचडी, ६० हर्ट्‌झचा मॉनिटर असतो. तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डाने १४० काढली तरी डोळ्यांना ६० च दिसणार. अशा घराने १४४०पी साठीचं महाग कार्ड घेणं म्हणजे दोन माणसांसाठी देगभर बिर्याणी शिजवणं.

मेमरी किती हवी?

कार्डावर स्वतःची मेमरी असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. फुल एचडीसाठी आज ८ जीबी ही खालची सीमा धरा. नवे मोठे गेम वरच्या सेटिंगवर ८ जीबी भरून टाकतात आणि मग मध्येच झटके बसतात. अशा वेळी सेटिंग एक पायरी खाली आणली की बहुतेक वेळा काम होतं. १४४०पी मॉनिटर असेल किंवा कार्ड पाच वर्षं वापरायचं असेल, तर १२ किंवा १६ जीबी बघा.

इथे एक सापळा आहे : नाव एक, माल दोन. आरटीएक्स ३०५० ही ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन प्रकारांत आहे, आणि ६ जीबीवाली चिपनेही कमजोर आहे. आरटीएक्स ३०६० ही १२ आणि ८ जीबीत आली, त्यात १२ वालीच चांगली. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबीत मिळतात. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा, नुसत्या नावावर जाऊ नका.

डबा आणि एसएमपीएस

ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप घरात असेल, तर त्याचा एसएमपीएस लहान असतो आणि कार्डाला लागणारी जादा वायर बहुधा नसते. अशा पीसीसाठी आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवालीच कामाची, कारण ती ७० वॅटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालते. डबा अगदी बारीक असेल, तर त्यात बसणारं बुटकं मॉडेल आहे का ते विचारा.

बाकीच्यांसाठी आकडे असे : आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ५०६० ला १४५, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ३०६० ला १७०, इंटेलच्या आर्क बी५८० ला १९०. यांतल्या बहुतेकांना नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, बी५८० साठी ६०० वॅटचा घ्या. लेबलवर ५०० वॅट लिहिलेला स्वस्त लोकल एसएमपीएस जळाला तर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही सोबत नेऊ शकतो. इथे हजार-दीड हजार वाचवू नका.

प्रोसेसरही बघा. दहा वर्षं जुन्या प्रोसेसरवर कार्डाची बरीच ताकद वाया जाऊ शकते. बी५८० ची १२ जीबी मेमरी बघून मन होतं, पण रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते नीट चालत नाही.

मग कोणतं घ्यावं?

फुल एचडी आणि हात अगदी आखडता असेल, तर आरएक्स ६६००. थोडी गुंजाइश असेल, तर आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, यांत त्या दिवशी जे स्वस्त पडेल ते. १४४०पी साठी आणि टिकाऊ हवं असेल, तर आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. मुलगा किंवा मुलगी ब्लेंडर शिकत असेल, व्हिडिओ एडिटिंग किंवा इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर वापरणार असेल, तर एनव्हीडियाचं आरटीएक्स कार्ड घेणं सोयीचं, कारण अशी अनेक सॉफ्टवेअर त्याच्यावर जास्त चांगली चालतात.

किमतीचा हिशोब असा लावा. आरटीएक्स ५०६० ची अमेरिकेतली जाहीर किंमत २९९ डॉलर होती. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,४१५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ३०,००० रुपये. यापेक्षा फार जास्त सांगत असतील तर दुसरं दुकान बघा. २०२५ च्या शेवटी मेमरी चिप महागल्या, त्यामुळे जुन्या व्हिडिओतला भाव आज मिळेलच असं नाही.

खरेदी कुठे?

तुंगार्लीकरांना दोन्ही बाजार रेल्वेने जवळ. लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, किंवा दादरला उतरून ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. जाण्याआधी ऑनलाइन भाव लिहून न्या. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाले तर नाही म्हणा, वॉरंटीच्या वेळी तेच बिल मागतात.

जुनं कार्ड स्वस्त पडतं, पण डोळे उघडे ठेवून घ्या. इथेरियम हे आभासी चलन १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डांवर काढलं जायचं. ते बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यामुळे विकणाऱ्याच्या पीसीवर जड गेम अर्धा तास चालवून बघा. पंखा घरघरतो का, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का, तापमान ८५ अंशांच्या पुढे जातं का, हे पाहा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर आत खरी चिप कोणती आहे ते दाखवतं. स्टिकर बदलून विकलेली कार्डं त्यात बऱ्याचदा पकडली जातात.

हप्त्याचं काय?

ऑनलाइन दुकानात "नो-कॉस्ट ईएमआय" लिहिलेलं असतं. त्यात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट किमतीत देतं. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्यालाच भरावी लागते. म्हणजे कागदावर सूद आहेच. हे आपल्याला चालतं की नाही, ते आपापल्या आलिमसाहेबांना विचारून ठरवा, पण बटण दाबण्याआधी विचारा. मुलांनाही सांगा की चार महिने पैसे साठवून घेतलेलं कार्ड आणि हप्त्यावरचं कार्ड गेममध्ये सारखंच पळतं.

आपल्या पावसाळ्यात

लोणावळ्याचा पाऊस आणि दमट हवा पीसीला सोसत नाही. डबा फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. बंद पडून राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर चालू करा. विजा चमकायला लागल्या की प्लगसोबत इंटरनेटची वायरही काढा. लाइट सारखी जाते, म्हणून यूपीएस लावा, आणि त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

शेवटी, मुलालाच एक कागद द्या. मॉनिटर, कोणते गेम, प्रोसेसर, एसएमपीएसचे वॅट, डब्यातली जागा, एकूण बजेट, एवढं त्याने स्वतः भरावं. जो हे भरून आणेल, त्याला दुकानदार सहज फसवू शकणार नाही. आणि अम्मी-अब्बूंनी त्याच कागदाच्या खाली खेळायची वेळही लिहून घ्यावी. कार्ड रात्री दोनपर्यंत चालेल, पण फजरला उठायचं ते मुलालाच.