लष्करी दप्तरे आणि कुलवृत्तांत : शहापूर-मुरबाडच्या अभ्यासकांसाठी एक टिपण

कुलवृत्तांताचा अभ्यासक प्रथम वतनाच्या कागदांकडे वळतो, हे स्वाभाविक आहे. परंतु शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्या घराण्यांपाशी वतन नव्हते आणि सनदही नव्हती, त्यांच्या पूर्वजाचे नाव लेखी सापडावयाचे तर ते कित्येकदा फौजेच्या यादीतच सापडते.

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक आहे. १८०० च्या नोव्हेंबरात तेथील युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून स्वातंत्र्ययुद्धाचे पुष्कळ कागद जळाले. पुढे १८१८ व १८३२ च्या निवृत्तिवेतन-कायद्यांमुळे वृद्ध सैनिकांस आपली हकीगत शपथेवर सांगावी लागली. विधवांनी तर विवाहाच्या पुराव्यादाखल घरच्या बायबलातील नोंदींची पानेही फाडून अर्जांस जोडली. वंशावळीच्या दृष्टीने हजेरीपटाहून हे अर्ज अधिक मोलाचे ठरले आहेत.

आपल्याकडे हिंदी शिपायांची वैयक्तिक सेवापत्रे लंडनच्या इंडिया ऑफिस संग्रहात शोधणे बहुतांशी व्यर्थ होय. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या बाबतीत मात्र राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी उपयोगी पडतात. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली आणि पुढे कैदेत अनेकांचा अंत झाला. १९२९ साली उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांची केवळ संख्या. त्यांची नावे पाहावयाची ती नोंदवहीत. तेथे पलटण, शिपायाचा क्रमांक व मृत्युदिनांक यांखेरीज पुष्कळदा पित्याचे नाव, गाव, तालुका व जिल्हा हेही दिलेले असते.

येथेच घाई नडते. नुसते 'शहापूर' हे नाव पाहून आपला मनुष्य सापडला असे मानू नये. बेळगावास लागूनही शहापूर आहे, आणि मराठा पलटणींत त्या भागातील शिपाई थोडे नव्हते. ठाणे जिल्ह्याचा स्पष्ट उल्लेख असल्यावाचून ओळख निश्चित धरता येत नाही. गावांच्या नावांची रोमन लिपीतील रूपेही मोठ्याने वाचून पाहावीत. इंग्रज कारकुनाच्या कानांनी ऐकलेले किन्हवली वा टोकावडे सहजी ओळखू येईलच असे नाही.

कोरेगावच्या स्तंभावरील १८१८ च्या नावांविषयीही असेच. 'नाक' हा प्रत्यय महार समाजाचा निदर्शक आहे, विशिष्ट कुळाचा नव्हे. १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती थांबविण्यात आली. त्यामुळे त्या पुढील काळात एखाद्या घराण्याचे नाव याद्यांत दिसत नसले, तर त्या घराने शिपाईगिरी सोडली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

लष्करी नोंद मिळाल्यावर खरे काम तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सुरू होते. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यू पाहावेत. घरी जमीन असल्यास फेरफारातील वारसनोंद शोधावी. शिपाई परमुलखात वारला, तर गावच्या मृत्यूनोंदीत तो आढळणार नाही. वारसनोंद झाली असेल, तर तिच्यात त्याच्या विधवेचे नाव मिळण्याचा संभव असतो. फौजेने शिपायाच्या पित्याचे नाव टिपले, पत्नीचे क्वचितच. म्हणून हा कागद विशेष जपून वाचावा.